गडग्याखालचा पोवळा

आंबोलीचा घाट चढण्याआधी सावंतवाडीजवळच्या एका वाडीत मुक्काम केला. पाऊस नुकताच लागलेला, बेडकांनी नुसता धुमाकूळ घातला होता. यजमानांचा मुलगा सर्पमित्र. जेवणं उरकल्यावर आम्ही बॅटरी घेऊन त्यांच्या बागेत शिरलो. ढासळलेल्या गडग्यातला एक चिरा त्याने काठीने कलता केला, तर खाली काहीतरी वळवळलं. मी वाकलो तसा तो ओरडला, "हात लावू नकात! हो वाळो नाय." वाळा म्हणजे गांडुळासारखा दिसणारा बिनविषारी साप.

पोवळा! विषारी साप, पण जेमतेम फूटभर, करंगळीहूनही बारीक. डोकं मानेइतकंच रुंद, काळंभोर, त्यावर पिवळे ठिपके. पाठ फिकट तपकिरी. काठी जवळ येताच त्याने शेपटीचं वेटोळं करून खालची बाजू वर दाखवली. निळसर, आणि शेपटीला दोन काळी कडी. पोटाचा लालभडक रंग दिसला तोही तेव्हाच.

लाल-पिवळ्या पट्ट्यांवरून विषारी साप ओळखायचं एक अमेरिकन यमक फिरत असतं. इथे त्याचा काडीचा उपयोग नाही; आपल्या पोवळ्याच्या पाठीवर पट्टेच नसतात. रंगापेक्षा दात बघावेत. वरच्या जबड्यात पुढे, न मिटणारे छोटे विषदंत असतात, म्हणून हा नाग, मण्यार आणि समुद्रसापांच्या एलापिडी कुळातला. स्वीडनच्या लिनियस या निसर्गशास्त्रज्ञाने 1766 साली अमेरिकेतल्या पोवळ्याचं वर्णन केलं, इंग्लंडच्या शॉने 1802 साली आपल्याचं. दोघांनीही आपापला साप 'कोल्युबर'मध्ये टाकला. तेव्हा त्या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, काय वाट्टेल ते कोंबत! आज अमेरिकेतले बहुतेक पोवळे मायक्रुरस, आपले कॅलिओफिस, आणि पूर्व आशियातले काही 2001 साली वेगळे काढून सायनोमायक्रुरस झाले. यादी अजून संपलेली नाही. कॅलिओफिस कास्टोए हा पोवळा भारताच्या याच पश्चिम पट्ट्यातून 2012 साली नव्याने नोंदवला गेला.

वाळ्याची आणि याची गाठ एकाच चिऱ्याखाली पडते, कारण वाळे हेच याचं आवडतं खाणं. तोंड इवलंसं, स्वभाव बुजरा, त्यामुळे दंश क्वचितच. पण आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनवतात. त्यात पोवळा नाही. सर्पमित्राने हे सांगितलं आणि चिरा सावकाश जागेवर टेकवला. फोटोसाठी मी आणखी थोडा वेळ मागितला. मिळाला नाही.