सरांची टायटॅनियम फ्रेम

मृगाच्या तोंडावर आमच्या दुकानात सायकलींना कोणी विचारत नाही. वखराच्या पासा, डवरे, ट्रॉलीचे हूक यांचीच रांग असते, आणि हिंगणघाटच्या बाजारातून परतणारा प्रत्येक जण "माझं आधी" म्हणत उभा राहतो. अशा रविवारी जिल्हा परिषद शाळेचे सर मोटारसायकलवर मागे एक लांबट खोकं आडवं बांधून आले. खोक्यात जुन्या चादरीत गुंडाळलेली फ्रेम होती. रंग नाही, नुसता घासलेला राखी धातू.

"भाऊ, टायटॅनियम आहे. एक लाख चाळीस हजार मागतोय. दहा हजार इसार देऊन दोन दिवस तपासायला आणली. घेऊ का नको, ते तुम्हीच सांगा."

सर ब्रेव्हेट चालवतात. ब्रेव्हेट म्हणजे शर्यत नव्हे, ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात पुरं करायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३०० ला वीस, ४०० ला सत्तावीस आणि ६०० ला चाळीस. नागपूरहून निघणाऱ्या ब्रेव्हेट ते अ‍ॅल्युमिनियमच्या सायकलवर करत आले आहेत. आता डोळा पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिसवर आहे. चार वर्षांतून एकदा होते, १२०० किलोमीटर, जास्तीत जास्त ९० तास, पुढची २०२७ मध्ये. त्यासाठी आयुष्यभर टिकेल अशी एक फ्रेम घ्यायची म्हणून त्यांनी पगारातून पैसे बाजूला टाकलेले. माझ्याकडे यायचं कारण वेगळं. मी बुटीबोरीच्या एमआयडीसीत बरीच वर्षं औषध कारखान्यांच्या स्टेनलेस पाइपांना आर्गन वेल्डिंग केलंय, आणि टायटॅनियमच्या फ्रेमची सगळी किंमत तिच्या जोडात असते.

पहिला प्रश्न धातू खरा का, हा. दिसायला घासलेलं अ‍ॅल्युमिनियमही असंच राखी दिसतं आणि लोहचुंबक दोघांनाही चिकटत नाही. ग्राइंडर लावला तर टायटॅनियमच्या ठिणग्या लख्ख पांढऱ्या उडतात, पण दुसऱ्याच्या फ्रेमला ग्राइंडर कसा लावायचा? म्हणून पाण्याचा उपाय केला. वेचणीच्या वेळी मजुरांचा कापूस मोजायला जो लटकवायचा डिजिटल काटा असतो, तो शेजारून आणला. बाटलीचे स्क्रू, हेडसेटच्या वाट्या, जे जे निघतं ते काढून फ्रेम टांगली : १,५६० ग्रॅम. मग गुरांच्या हौदात पूर्ण बुडवून टांगली. नळ्यांत हवा अडकली तर हिशेब चुकतो, म्हणून दुकानातला पोट्टा हौदात उतरून ती उलटीपालटी करत राहिला, बुडबुडे थांबेपर्यंत. पाण्यात काटा १,२१० वर स्थिरावला. म्हणजे साडेतीनशे ग्रॅम घटले. १,५६० ला ३५० ने भागलं की साडेचारच्या जवळ येतं, आणि टायटॅनियमची घनता साडेचारच आहे. अ‍ॅल्युमिनियम असतं तर पावणेसहाशेच्या वर घट आली असती, पोलाद असतं तर दोनशेच.

"सर, धातू खरा हाय," मी म्हटलं. सरांचा चेहरा खुलला. पोट्टा तर ओल्या कपड्यांनी नाचायलाच लागला.

दुसरं, सरळपणा. नायलॉनचा दोरा मागच्या एका ड्रॉपआउटला, म्हणजे चाकाचा आस बसतो त्या खाचेला बांधला, पुढे हँडलखालच्या हेड ट्यूबला वळसा देऊन दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणून आणला. मग दोन्ही बाजूंना दोरा आणि सीट ट्यूब यांच्यातलं अंतर व्हर्नियरने मोजलं. फरक एक मिलिमीटरच्या आत. मागच्या चाकाची जागा १४२ मिलिमीटर, बरोबर. पायडलांचा आस बसतो तो बॉटम ब्रॅकेट साध्या आट्यांचा, ६८ मिलिमीटरचा. हेड ट्यूब ४४ ची, म्हणजे पुढच्या चाकाचे सरळ आणि टेपर (खाली जाड होत जाणाऱ्या दांड्याचे) दोन्ही फोर्क बसतात. हे सगळं मला आवडलं. अशी मापं असली की पुढच्या वीस वर्षांत सुटे भाग मिळायची चिंता राहत नाही. दाबून बसवायच्या, एकाच कंपनीच्या मापाच्या बेअरिंगवाल्या फ्रेमला आमच्या भागात कोण भाग पुरवणार?

आता जोड. टायटॅनियम तापलं की हवा ओढून घेतं. चारशे-पाचशे अंशांच्या वर ते ऑक्सिजन आणि नायट्रोजन पोटात घेऊन ठिसूळ होतं. म्हणून वेल्डिंग करताना हवा दूर ठेवायला बाहेरून आर्गन वायू, नळीच्या आतून आर्गन, आणि जोड थंड होईपर्यंत आर्गन सोडतच राहावं लागतं. काम कसं झालं ते रंग सांगतो. चांदीसारखा जोड सर्वांत चांगला, फिकट सोनेरी चालतो, जांभळा-निळा दिसला की शंका घ्यायची, आणि राखाडी किंवा पांढरी भुकटी दिसली की तो जोड गेला असं समजायचं. या फ्रेमचे बाहेरचे जोड सुरेख होते, एकसारखे, बारीक, डाळीच्या दाण्यांसारखे एकावर एक रचलेले.

एक जागा सोडून. उजवा चेनस्टे, म्हणजे मागच्या चाकाकडे जाणारी खालची नळी, बॉटम ब्रॅकेटला मिळतो, तिथे घासल्याच्या रेघा नळीच्या लांबीच्या दिशेने होत्या. बाकी सगळीकडे त्या नळीभोवती आडव्या. मी फ्रेम उन्हात नेली, बोट फिरवलं. तो भाग किंचित सपाट लागला. कारखान्याचा माणूस एकाच ठिकाणी हात बदलत नाही.

समोरच्या गाडीच्या मिस्त्रीकडे सिलिंडरच्या आत पाहायचा, मोबाईलला जोडायचा कॅमेरा आहे. तो मागवून बॉटम ब्रॅकेटच्या खोबणीतून चेनस्टेच्या तोंडात घातला. डाव्या बाजूला आतला जोड स्वच्छ, चकचकीत. उजव्या बाजूला राखाडी खपली आणि खडबडीत दाणे. स्टेनलेसच्या पाइपला आतून आर्गन दिला नाही की असाच दाणेदार जोड येतो. आम्ही कारखान्यात तो दिसला की पाइप कापूनच टाकायचो. इथे कोणीतरी जुना तडा बाहेरून भरला होता आणि वरून स्कॉच-ब्राइटची घासणी मारून रंग घालवला होता.

सर कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहत होते. "पण जोड धरून तर आहे ना भाऊ? मजबूत वाटतोय."

मी म्हटलं, "वाटण्यावर जाऊ नका सर. डीपी करू."

डीपी म्हणजे डाय पेनेट्रंट, डोळ्यांना न दिसणारा तडा रंगाने दाखवायची तपासणी. कपाटात तिन्ही डबे होते, क्लोरीन नसलेले. टायटॅनियमला क्लोरीनवाले चालत नाहीत. जोड स्वच्छ पुसला, लाल द्रव मारला, पंधरा मिनिटं तसाच ठेवला. मग क्लीनर कापडावर घेऊन वरचा लाल पुसून काढला. क्लीनर थेट जोडावर मारला तर फटीतलाही लाल धुऊन जातो, ही चूक नवे लोक हमखास करतात. शेवटी पांढऱ्या डेव्हलपरचा पातळ थर. आधी काहीच दिसलं नाही. मग जोडाच्या कडेला, नळीच्या बाजूला, एक ठिपका उमटला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि बघता बघता त्यांची नखाएवढी लांब लाल रेघ झाली.

दुकानात गर्दी होती. पास भरून घ्यायला आलेले एक म्हातारे बाबा वाकून पाहत म्हणाले, "हे त फुटलं हाय, मास्तर."

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी जे विचारलं ते कोणीही विचारेल : "तुमच्याकडे आर्गन आहे. तुम्हीच नीट करून द्या ना. मी त्याला वीस-तीस हजार कमी करायला लावतो."

माझं मशीन चांगलं आहे आणि हातही बसलेला आहे, तरी मी नाही म्हटलं. ठिसूळ झालेला धातू नुसता वरून भरून बरा होत नाही. तो कापून काढावा लागतो, नवी नळी घालावी लागते, जुळत्या मिश्रधातूची फिलर तार लागते, धूळ नसलेली खोली लागते. आमच्या दुकानात एका कोपऱ्यात ग्राइंडर चालतो आणि दारातून काळ्या मातीची धूळ येते. चेनस्टे उतारावर तुटला तर मागचं चाक कलतं आणि माणूस थेट रस्त्यावर पडतो. रात्री दोन वाजता चारशेच्या ब्रेव्हेटमध्ये, हायवेवर, मागून ट्रक. माझ्या हातचा जोड घेऊन सरांनी तसं जावं हे मला मान्य नव्हतं.

मग विकणाऱ्याला फोन लावला. सरांनी शांतपणे सांगितलं, फोटोही पाठवले. तो म्हणाला, मलाही अशीच मिळाली होती. आणि कारखान्याची आजीवन हमी आहेच की. हमीचा कागद सरांनी मागवून घेतला. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की हमी पहिल्या मालकालाच. बहुतेक ठिकाणी असंच असतं, आणि जुन्या टायटॅनियम फ्रेमची किंमत ठरवताना लोक नेमकं हेच विसरतात. हमी नसलेल्या फ्रेमला नव्याच्या निम्म्याहून जास्त भाव देणं मला पटत नाही, मग ती कितीही चकाको. इसार परत मिळाला. थोडी घासाघीस झाली, पण मिळाला.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर आम्ही बाकावर बसलो. आता घ्यायचं काय? मी सरांना आधी विचारलं, टायटॅनियमच काहून? ते म्हणाले, गंजत नाही. खरं आहे. पण कोकणातल्या खाऱ्या हवेत त्याचे जेवढे पैसे वसूल होतात तेवढे आपल्याकडे होत नाहीत. वर्षातले आठ महिने इथे हवा कोरडीच. चांगली क्रोमोली पोलादाची फ्रेम आतून तेल मारून ठेवली तर विदर्भात सहज टिकते. मग ते म्हणाले, अंगाला हादरे कमी बसतात. यावर मी अडलो. काळ्या मातीवरचे आपले रस्ते पावसाळ्यात फुगतात, उन्हाळ्यात खचतात, कडा तुटतात. तिथे हादरे खातो तो टायर. २५ मिलिमीटरच्या टायरवर कोणत्याही धातूची फ्रेम कंबर मोडते, ३२ चा टायर कमी हवेवर घातला की साधी फ्रेमही मऊ लागते. म्हणून फ्रेममध्ये रुंद टायरला जागा हवी हे आधी, धातू नंतर.

तरी सरांचं मन टायटॅनियमवर होतं, आणि मला ते चूक वाटलं नाही. पोलादाच्या निम्म्याहून थोड्या जास्त वजनात तेवढीच ताकद, रंग नाही म्हणून टवके नाहीत, आणि नीट जोडलेली असेल तर लवकर थकत नाही. ज्याला पुढची वीस वर्षं एकाच सायकलवर बसायचं आहे त्याने घ्यावी. फक्त पैसे कुठे मोजायचे ते कळलं पाहिजे.

फ्रेमच्या नळ्या मुख्यतः दोन मिश्रधातूंच्या असतात. एकात ३ टक्के अ‍ॅल्युमिनियम आणि अडीच टक्के व्हॅनेडियम, त्याला ग्रेड ९ म्हणतात. दुसऱ्यात ६ आणि ४, तो ग्रेड ५. जाहिरातीत ६-४ ला वरचढ दाखवतात. तो जास्त ताकदीचा आहेच, पण त्याच्या शिवणरहित नळ्या ओढणं अवघड. पुष्कळदा पत्रा वळवून शिवलेली नळी येते. ड्रॉपआउट आणि बॉटम ब्रॅकेटला ६-४ ठीक, नळ्यांना शिवणरहित ग्रेड ९ पुरे. आतून पातळ केलेल्या बटेड नळ्यांनी शंभर-दोनशे ग्रॅम वाचतात. सर पंच्याऐंशी किलोचे, वर दोन बाटल्या आणि सामानाची पिशवी. त्यांनी त्या शंभर ग्रॅमसाठी वीस हजार का द्यावे? रंगीत अ‍ॅनोडायझिंग, नळीच्या पोटातून नेलेल्या केबली, कोरलेलं नाव, हे सगळं सोडून दिलं. केबल बाहेरून असली की आमच्यासारख्या दुकानात दहा मिनिटांत बदलते.

नावाजलेल्या अमेरिकन कारखान्याची नुसती फ्रेम इथे येईपर्यंत दोन-तीन लाखांच्या पुढे जाते. त्यात काम उत्तम असतं आणि हमीला माणूस सापडतो, हे मान्य. पण चीनमध्ये शाआन्शी प्रांतातलं बाओजी हे टायटॅनियमचंच शहर आहे, आणि त्या देशातले काही कारखाने आपल्या मापाची फ्रेम बनवून देतात. ड्युटी आणि वाहतूक धरून लाख-सव्वा लाखात जमतं. मापाची फ्रेम हा टायटॅनियममधला खरा फायदा आहे. साचा लागत नाही, नळी कापली की झालं. सरांचे पाय लांब आणि धड आखूड, तयार फ्रेमवर त्यांचा हँडल नेहमी लांब पडतो आणि तीनशेच्या पुढे मान धरते.

कारखान्याला लिहायचं पत्र आम्ही तिथेच तयार केलं. नळ्या कोणत्या ग्रेडच्या आणि शिवणीच्या की शिवणरहित, त्याचा दाखला द्या. वेल्डिंगच्या वेळी आतून आर्गन देता का, आणि घासण्याआधीचे जोडांचे फोटो पाठवाल का, बॉटम ब्रॅकेटच्या आतलेसुद्धा. सरळपणात किती फरक चालवून घेता. तडा गेला तर येण्याजाण्याचा खर्च कोणाचा. एका कारखान्याने गोलमोल उत्तर दिलं, तो वगळला. दुसऱ्याने आतल्या जोडांचे फोटो लगेच पाठवले. मोठे करून पाहिले : चांदीचा रंग, कुठेकुठे हलकी सोनेरी झाक. सरांनी तिथे माप दिलं.

परवा तिकडून ड्रॉइंग आलं. मापं बरोबर आहेत, पण चेनस्टेमध्ये टायरला जागा २८ चीच दाखवली आहे आणि मडगार्डचे आटे विसरलेत. सरांनी ३५ लिहून परत पाठवलंय. सुधारलेलं ड्रॉइंग हातात येईपर्यंत पैसे सोडायचे नाहीत असं ठरलं आहे, आणि फ्रेम आली की पहिली ती माझ्याकडे डीपीला येणार आहे.