सातपूर ते अंबड : लढाऊ रोबोच्या हायड्रॉलिकसाठी एक फेरी

स्पर्धेत झुंजणाऱ्या रोबोचा जबडा तेलाच्या दाबाने चालवायचा असेल, तर नाशिकच्या सीबीएसवरून (मध्यवर्ती बस स्थानक) त्र्यंबक रोडने सकाळी दहाला सातपूर एमआयडीसी गाठली की होज पाइप, फिटिंग आणि प्रेशर टेस्ट एका दिवसात उरकते. निघण्याआधी दुकानाची सुट्टी विचारून घ्या. सिलिंडर आणि व्हॉल्व्ह ब्लॉक सोबतच न्या, पोर्टांना प्लास्टिकची बुचं लावून. फोनवर नुसतं ‘पाव इंची’ सांगून भागत नाही. आट्यांची मापं दोन, ब्रिटिश बीएसपी आणि अमेरिकन एनपीटी: पाव इंची बीएसपीला इंचाला १९ आटे, एनपीटीला १८. एकात दुसरं दोन-तीन आटे जातं, घट्ट बसल्यासारखं वाटतं आणि दाब चढला की तिथूनच तेल सुटतं.

पाव इंची होज आर-टू दर्जाचाच घ्यावा. आर-वनमध्ये तारेची एकच जाळी, कामाचा दाब २२५ बार. आर-टूमध्ये दोन, ४०० बार. क्रिम्पिंग (होजच्या टोकावर फिटिंग दाबून बसवणं) समोर उभं राहून करून घ्या. वळणाची त्रिज्या १०० मिमीच्या खाली जाऊ देऊ नका. जागा नसेल तिथे एल्बो (वळणाचं फिटिंग) लावा.

लिंक रोडने अंबडला टेस्ट बेंचवर गेल्यावर खरा मुद्दा पुढे येतो. पंपाजवळचा रिलीफ व्हॉल्व्ह (दाब ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की तेल सोडणारा) १५० बारला लावला म्हणजे रोबो सुरक्षित झाला, हा समज घातक आहे. उदाहरणार्थ ५० मिमी बोअर (आतला व्यास), ३६ मिमी रॉडचा सिलिंडर घ्या. रॉडच्या बाजूचं क्षेत्रफळ मागच्या बाजूच्या निम्म्याहून कमी. त्या बाजूचा क्विक कपलर (झटपट जोडायचा सांधा) पूर्ण बसला नाही तर तेल अडतं, आणि मागून १५० बार ढकलत असताना पुढे ३१० बारच्या आसपास दाब चढतो. पंपाजवळच्या रिलीफला याचा पत्ताच लागत नाही. समोरच्या रोबोने जबड्यावर धडक दिली तरी तेच: तेलाची दिशा बदलणारा व्हॉल्व्ह मध्यावर बंद, कोंडलेल्या तेलाला वाट नाही. म्हणून सिलिंडरच्या दोन्ही पोर्टांवर, टाकीकडे तेल सोडणारे वेगळे रिलीफ हवेत, १८० बारला लावलेले. काही स्पर्धांच्या नियमांत ३००० पीएसआयची, म्हणजे सुमारे २०७ बारची मर्यादा सिलिंडरमधल्या दाबाला असते. टेस्ट पॉइंटही (गेज जोडायची जागा) त्या पोर्टांवरच द्या. अ‍ॅक्युम्युलेटरचा (दाबाखालचं तेल साठवून ठेवणारी टाकी) विचार असेल तर आधी नियमावली वाचा, कारण कित्येक ठिकाणी त्याला सरळ बंदी आहे.

होजची टेस्ट सिलिंडर न जोडता, आधी सगळी हवा काढून, हातपंपाने २७० बारला ५ मिनिटं. हवा राहिली तर ती स्प्रिंगसारखी दाबली जाते आणि फिटिंग निसटलं की गोळीसारखं उडतं. गेज ० ते ४०० बारचं, ग्लिसरीन भरलेलं. रिलीफ लावताना स्क्रू पूर्ण सैल करून सुरुवात करा, गेज बघत हळूहळू आवळा. लॉकनट आवळताना काटा थोडा सरकतो, म्हणून नंतर पुन्हा वाचा.

गळती शोधायला हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. सुईएवढ्या छिद्रातली धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला दुखतही नाही, पण काही तासांत बोट गमावण्याची वेळ येते. लगेच मोठ्या रुग्णालयात जा, ‘दाबाखालचं तेल आत शिरलंय’ हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि तेलाच्या डब्यावरच्या लेबलचा फोटो दाखवा.