चिडलेल्या मुलाला कुठलं गाणं लावायचं?

चिडलेल्या मुलाला शांत करायला कुठलं गाणं लावायचं, असं तुम्ही विचारलंत. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे आईबाबा आणि बालवाडीच्या ताई हे हमखास विचारतात. उत्तर असं : लावू नका, स्वतः म्हणा. आणि सुरुवात अंगाईने करू नका.

भडकलेल्या मुलापुढे एकदम संथ सूर काढले की ते आणखी चिडू शकतं. आधी त्याच्या वेगाला जा. उशीवर हाताने भरभर ठेका धरा, मिनिटाला साधारण 120 ठोके, आणि त्यावर "राग आला, राग आला" एवढंच म्हणा. त्याचे हातपाय ठेक्यात पडू लागले की दर तीन-चार आवर्तनांनी वेग थोडा उतरवा, आवाजही. 70-80 ठोक्यांवर यायला चार-पाच मिनिटं द्या. घाई होते ती इथेच. मूल पुन्हा उसळलं तर आपण लवकर उतरलो असं समजून परत वर जायचं. भुकेने रडत असेल तर मात्र आधी खायला द्या, गाणं नंतर.

पण हा झाला वेळेवरचा उपाय. खरी तयारी मूल खुशीत असताना होते, आणि ती गाण्यातल्या थांबण्यातून होते. लहान बाळाबरोबर 'इथे इथे बैस रे मोरा' म्हणताना 'भुर्र'च्या आधी दोन सेकंद थांबून बघा. बाळ श्वास रोखतं, तोंडाकडे टक लावून बघतं, मग खिदळतं. उत्सुकता ताणून धरायची आणि मोकळी करायची, हे ते तिथेच शिकतं. रेकॉर्ड केलेलं गाणं बाळाचा चेहरा बघून थांबत नाही, म्हणून मोबाइल नको.

मूल तीन वर्षांचं झालं की हेच डफलीवर किंवा स्टीलच्या डब्यावर करा : वाजलं की नाचायचं, थांबलं की पुतळा. वाजवण्याचे तुकडे लहानमोठे ठेवा, कधी पाच सेकंद, कधी वीस. एकसारखे ठेवले की मुलं अंदाजानेच थांबतात. हललेल्याला 'आउट' करू नका. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तोच पहिला बाहेर बसतो! पाचव्या वर्षी नियम उलटा करा : जलद ठेक्याला हळू चालायचं, संथ ठेक्याला पळायचं. आतली उबळ आवरण्याचा याहून सोपा सराव नाही.

भावना ओळखायला शास्त्रीय संगीतातल्या रागांचे रस, म्हणजे कुठल्या रागातून कुठली भावना, हे शिकवत बसू नका. पाश्चात्त्य संगीतावरच्या प्रयोगांत पाच वर्षांची मुलं आनंद-दुःख मुख्यतः वेगावरून ओळखताना दिसली. सुरावटीचा फरक त्यानंतर कळू लागतो. म्हणून "आई दार उघड" ही एकच ओळ दमून, रागावून, घाबरून म्हणा आणि विचारा, दाराबाहेर कोण आहे, त्याला काय झालंय? मग मुलाला म्हणू द्या.

गटात सगळ्यांचा ठेका एक हवा. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या 2014 च्या प्रयोगात 14 महिन्यांच्या बाळांना गाण्यावर झुलवलं. समोरची व्यक्ती त्याच लयीत झुलत असेल, तर तिच्या हातून पडलेली वस्तू बाळं जास्त वेळा उचलून देत. त्यामुळे वीस मुलांच्या हातात वीस खुळखुळे देण्यात अर्थ नाही, ठेका एक राहत नाही. चार वाजवतील, बाकीची टाळ्या देतील, मग अदलाबदल.

एखादं मूल कानांवर हात ठेवेल. त्याला आग्रह करू नका. दाराजवळ बसवा आणि 'थांबा'ची खूण करायचं काम त्याच्याकडे द्या.