१२३४५६७८९८७६५४३२१ : अवयव पूर्ण, पुढचे काम सुरू

नऊ एकांच्या संख्येचा, म्हणजे १११११११११ चा वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ येतो आणि तो कोणत्याही टोकाकडून सारखाच वाचला जातो, हे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेतच पडताळून पाहिलेले असते. डहाणूला जन्मलेले आणि देवळालीला शिक्षक असलेले द. रा. कापरेकर यांनी या घराण्याला डेम्लो संख्या म्हटले. ते नाव तेव्हाच्या जी.आय.पी. (ग्रेट इंडियन पेनिन्शुला, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज) रेल्वेवरील एका स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे. (मध्य रेल्वेने मुंबईला कामावर जाणाऱ्याला याचे अंमळ जास्तच कौतुक वाटते.) मधला ९ बाजूला ठेवून १२३४५६७८ आणि ८७६५४३२१ यांची बेरीज केली, तर ९९९९९९९९ मिळते, डेम्लो असण्याची खूण हीच.

मला मात्र या देखणेपणापेक्षा तिच्या अवयवांत अधिक रस आहे. १११११११११ = ३३३ × ३३३६६७, आणि ३३३ म्हणजे ३ × ३ × ३७, इथपर्यंत काहीच कष्ट नाहीत. ३३३६६७ ही मूळ संख्या आहे, हे संगणकाला न विचारता कागदावर सिद्ध करायचे, असे मी ठरवले होते. तिचे वर्गमूळ ५७७ च्या किंचित पुढे असल्याने सरळ मार्गाने १०६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते. पण तिला निःशेष भागणारी कोणतीही मूळ संख्या 'प' ही १११११११११ लाही भागेल, म्हणून १/प च्या दशांश अपूर्णांकातील आवर्ती गटाची (पुन्हा पुन्हा येणाऱ्या अंकांची) लांबी ९ ला भागणारी, म्हणजे १, ३ किंवा ९ असणार. लांबी १ फक्त ३ ची आणि लांबी ३ फक्त ३७ ची. या दोघांचाही भाग ३३३६६७ ला जात नाही. उरली ९, आणि फर्माच्या सिद्धांतानुसार ही लांबी प − १ ला नेहमी भागते, तेव्हा प − १ ला ९ ने, आणि प विषम असल्याने १८ ने भाग गेलाच पाहिजे. एवढ्या एका अटीने १०६ पैकी १९, ७३, १०९ अशा अवघ्या १६ संख्या उरतात. त्यांतल्या १६३ ने जीव टांगणीला लावला, कारण १६३ × २०४७ = ३३३६६१ आणि बाकी फक्त ६. शेवटच्या ५७७ ला बाकी १६१ उरली आणि प्रश्न मिटला.

म्हणजे आपली संख्या ३⁴ × ३७² × ३३३६६७² आहे आणि तिचे विभाजक ५ × ३ × ३ = ४५. जाता जाता, ३३३६६७ चा वर्ग १११३३३६६६८८९ हाही बघण्यासारखा आहे.

दहा एकांचा वर्ग केला की मधल्या स्तंभाची बेरीज १० होते, हातचा डावीकडे सरकतो आणि १२३४५६७९००९८७६५४३२१ असे रूप मिळून सममिती मोडते. तरीही पुढे मी एकोणीस एकांची संख्या घेतली आहे. ती मूळ असल्याने तिच्या वर्गाला तीनच विभाजक आहेत. पण हे स्वतः पडताळायचे, तर याच युक्तीने ३८ च्या पटीत १ मिळवून येणाऱ्या, सुमारे १०५ कोटींपर्यंतच्या संख्या तपासाव्या लागतात आणि त्या जवळपास २ कोटी ७७ लाख भरतात. लोकलमध्ये मांडीवर वही ठेवून हे होणारे नाही, त्यामुळे पायथॉनमध्ये लहानसा प्रोग्रॅम लिहायला घेतला आहे.