जांभळीचा मध आणि गुऱ्हाळाच्या चौकटी : यंदाची नोंद

करवीर तालुक्यात मधमाश्यांच्या पेट्या ठेवायच्या म्हणजे गुऱ्हाळाचा शेजार आलाच. चुलवाण पेटलं की सातेरी माशी काहिलीभोवती घोंगावू लागते. त्या दिवसांत भरलेल्या चौकटीत मकरंद किती आणि उसाचा रस किती? यंदा त्या चौकटी वेगळ्या काढल्या, पाटगावकडच्या एका मधपाळाकडून जांभळीचा मध आणला आणि दोन्ही शेजारी ठेवून तपासले.

रंगावरून काही ठरेना, दोन्ही गडद. जांभळीचा गडदपणा बराचसा झाडाच्या फिनॉलिक (तुरटपणा आणणाऱ्या) द्रव्यांचा, गुऱ्हाळाच्या मधात उतरलेल्या काकवीचा मुख्यतः उकळीत तापलेल्या साखरेचा. हिराकसाचं (लोहाच्या क्षाराचं) पाणी घालून पाहिलं, हिरड्याची शाई करतात तीच क्रिया. जांभळीचा मध हवेवर हळूहळू हिरवट काळा झाला, पण दुसराही झाला! उसाच्या रसातही फिनॉलिक असतातच. शिवाय मधातलं ग्लुकॉनिक आम्ल लोहाला बांधून ठेवतं, त्यामुळे रंगाची तुलना भरवशाची राहत नाही. या कामासाठी ही चाचणी बाद.

साखरा मोजूनही फारसं हाती लागत नाही. मकरंद असो वा रस, माशीचं इन्व्हर्टेज हे विकर (एन्झाइम) सुक्रोज, म्हणजे साधी साखर, फोडून ग्लुकोज-फ्रुक्टोज करतंच.

खरा फरक दिसला सूक्ष्मदर्शकात. मध कोमट पाण्यात पातळ केला, निवळू दिला आणि तळचा गाळ काचेवर घेतला. जांभळीच्या मधात बारीक, त्रिकोणी परागकणांची दाटी. गुऱ्हाळाच्या चौकटीत तुरळक, तेही सरमिसळ. जिभेचाही कौल तोच. जांभळीचा तुरट-कडवटपणा घशापर्यंत रेंगाळतो, दुसऱ्याची गोडी लगेच विरते. मला हा तुरटपणाच मधाचा खरा दागिना वाटतो.

तरी अंदाजे प्रमाण हवं असेल तर कार्बन-१३ ची, म्हणजे कार्बनच्या जड रूपाची, चाचणी करावी लागते. हवेतला कार्बन घेण्याच्या पद्धतीवरून वनस्पतींचे गट पडतात: ऊस सी-४ गटातला, जांभूळ सी-३ मधलं. उसाच्या साखरेचं कार्बन-१३ मूल्य उणे १२ प्रति हजारच्या आसपास, सी-३ फुलांच्या मधाचं उणे २५ च्या आसपास. प्रयोगशाळेत मधाची तुलना त्याच मधातल्या प्रथिनाशी करतात आणि सी-४ साखर ७ टक्क्यांहून जास्त निघाली तर भेसळ धरतात. इथे ती माशीनंच आणलेली असली, तरी त्या चौकटींचा मध मी ‘फुलांचा’ म्हणून देणार नाही. तो पेट्यांनाच खाद्य म्हणून परत देतो आहे.

पुढे हिरडा, गेळा आणि पिसा या झाडांच्या परागकणांच्या स्लाइड करायच्या आहेत. कुणाकडे फुलं ओळखून घेतलेले नमुने असतील तर सांगा.