आठ लिखांची एक ऊ

अंकलिपीत 'ऊ'पुढे ऊस असतो. खरं तर ऊ हा एका अक्षरात संपलेला, धडधडीत मराठी शब्द आहे. त्याच्या शेजारी 'स' आणून बसवायची काही गरज नव्हती. पण पोरांच्या पुस्तकात ऊ छापायची कोणाची टाप! ती डोक्यात असते तेवढं पुरे.

आमच्या लेकीच्या डोक्यात ती जूनच्या शेवटच्या आठवड्यात सापडली. शाळेसाठी दोन घट्ट वेण्या घालताना कानामागे पांढरे ठिपके दिसले. कोंडा असेल म्हणून फुंकर मारली, हलले नाहीत. नखानं ढकलले तरी ढिम्म. कोंडा भुरभुरतो, लीख मात्र केसाला डिंक लावून चिकटवल्यासारखी बसते. मग मानेवरचे केस उचलून बघते तर तिळाएवढी, तिळाच्याच रंगाची एक बाई निवांतपणे आडवी चालली होती. घाई नाही, गडबड नाही. आपलंच घर असल्यासारखी.

शाळा सुरू होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते, त्यामुळे मी ताबडतोब संशयितांची यादी केली. रिक्षातल्या मुली. बाकावर शेजारी बसणारी. आणि रविवारी आजीबरोबर येणारी, लेकीशी खेळणारी, आमच्या कामाच्या मावशींची नात. लिहायला लाज वाटते, पण यादीत पहिलं नाव तिचंच होतं. उवेला घाण-स्वच्छ काही कळत नाही, रोज न्हालेलं डोकंही तिला तितकंच चालतं, तिला पंख नाहीत, उडी मारता येत नाही, डोक्याला डोकं लागलं की ती चालत पलीकडे जाते, हे सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. ठाऊक असून काय उपयोग? ऊ नेहमी दुसऱ्याच्या घरून येते.

औषधाच्या दुकानात मी इतक्या हळू बोलले की काउंटरवरच्या पोरानं मोठ्यांदा विचारलं, "उवांचं का?" मागचे काका एक पाऊल मागे सरकले. मिळालं ते एक टक्का परमेथ्रिनचं होतं. धुऊन पुसलेल्या केसांना लावायचं, 10 मिनिटं ठेवायचं, धुऊन टाकायचं, आणि आठवड्यानं पुन्हा सगळं तसंच. त्या 'पुन्हा'त सगळी गोम आहे. पहिल्या हप्त्यात उवा मरतात, लिखा सगळ्या मरत नाहीत, आणि सात ते दहा दिवसांत त्यातून नवी पिढी बाहेर येते. सासूबाईंनी सीताफळाच्या बियांची पूड सुचवली. पूर्वी घरोघरी लावायचे, खरं आहे, पण ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते, म्हणून मी नाही म्हटलं. माझी आजी तर रॉकेल चोळायची आणि वर म्हणायची, "चुलीपासून लांब बस गं." रॉकेल आता शोधूनही मिळत नाही, हे बरंच झालं.

औषधाबरोबर आलेल्या प्लास्टिकच्या फणीचे दाते पहिल्याच गुंत्यात फाकले. मग आजीची लाकडी फणी काढली, दोन्हीकडून दातांची, मे महिन्यात माहेरून आणलेली. गॅलरीत उन्हाला बसून, ओल्या केसांना कंडिशनर चोपडून, मुळापासून टोकापर्यंत एकेक बट विंचरायची आणि दर खेपेला फणी पांढऱ्या पंचावर पुसायची. मावशी भांडी आटोपून तिथेच टेकल्या. लेकीचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, एक केस चिमटीत ताणून धरला आणि म्हणाल्या, "ताई, ह्या आत्ताच्या न्हाईत."

"कशावरून?"

"ऊ लीख घालती ती मुळाशी. ही बघा कुठवर आलीय. केस वाढला, तशी ती खाली सरकली."

मी लेकीच्या कंपासमधली पट्टी आणली. दीड सेंटिमीटर. (कौटिल्यानं अर्थशास्त्रात लांबीची मापं दिलीत, त्यात आठ लिखांची एक ऊ, आठ उवांचा एक जव आणि आठ जवांचं एक अंगुळ. पाटलीपुत्रातही कोणीतरी गॅलरीत बसून मोजलं असणार.) केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे दीड महिना. म्हणजे मे महिन्याचा मध्य. शाळा नाही, रिक्षा नाही, रविवारची नातही नाही. तेव्हा लेक वाईला होती, माझ्या माहेरी. तीन बहिणी, एक गादी, एक मोबाइल आणि त्यावर टेकलेली तीन डोकी. खाज तर पहिल्या खेपेला चार-सहा आठवडे सुटतही नाही. शरीराला त्यांची लाळ खुपायला तेवढा वेळ लागतो. तोवर त्या सुखानं नांदत होत्या.

मावशींना मी तोंडानं काहीच बोलले नव्हते, त्यामुळे माफीही मागता येईना. त्यांच्या चहात आलं जास्त किसून घातलं.

"म्हणजे आंब्यांबरोबर आल्या तर," नवरा म्हणाला. मी लक्ष न देता वहिनीला फोन लावला.

"अगं, मीच करणार होते," ती म्हणाली. "तुम्ही गेलात आणि इथे दोघींची डोकी सुरू झाली. म्हटलं, पुण्याच्या शाळेतल्या असतील. पण तुला सांगायचं कसं?"

मी दीड सेंटिमीटरचं गणित सांगितलं. ती क्षणभर गप्प झाली. "आम्ही काही मोजलं नाही बाई," मग सावकाश म्हणाली, "आणि मोजणारही नाही. ते जाऊ दे, आजीची फणी तूच नेलीस ना? इथे तसली कुठे मिळेना. कुरियर कर तेवढी."

फणी माझ्या हातातच होती. दात्यांत अडकलेली एक अजून पाय हलवत होती.

"करते," मी म्हटलं. "पण पुढच्या आठवड्यात. अजून दुसरा हप्ता व्हायचाय."