चालत नाही

कोथिंबिरीची जुडी पिशवीत जाऊन पडली होती. मी खिशातून दहाचं नाणं काढून भाजीवाल्या मावशींपुढे धरलं. त्यांनी ते हातातसुद्धा घेतलं नाही. मेथीवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाल्या, "चालत नाही."

"अहो, सरकारचं नाणं आहे. चालत नाही म्हणजे?"

"सरकारचं असंल. इथं चालत नाही."

"पण म्हणतं कोण असं?"

"कुणीच घेत नाय की काका. मी घेऊन काय त्याचं लोणचं घालू? नोट द्या, नाहीतर स्कॅन करा."

शेवटी दहा रुपयांसाठी फोन काढला, चष्मा चढवला, पिन आठवला. खोक्यातल्या बाईनं दहा रुपये मिळाल्याचं ठणकावून सांगितलं तेव्हा मावशींचा चेहरा सैल झाला. सरकारी नाण्यापेक्षा त्यांना त्या खोक्याचा भरवसा जास्त.

घरी लोणच्याची एक रिकामी बरणी आहे. असली नाणी मी तिच्यात टाकतो. त्या दिवशी बरणी पेपरवर ओतूनच बसलो. नीट पाहिलं तर नाणं देखणं आहे. बाहेर पितळी रंगाचं कडं, आत रुपेरी चकती, आणि दोन्ही एकमेकांत अशी बसवलेली की नख फिरवलं तरी सांधा जेमतेम लागतो. काहींवर रुपयाचं चिन्ह आहे, काहींवर नाही. कुणावर दहा रेघा, कुणावर पंधरा. मेख इथेच आहे. पंधरा रेघांचं खोटं, दहा रेघांचं खरं, अशी कुणीतरी आवई उठवली आणि गावंच्या गावं हे नाणं घेईनाशी झाली. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८मध्ये जाहीर केलं की दहाच्या नाण्याचे तोवर १४ नमुने निघाले आहेत आणि चौदाच्या चौदा वैध आहेत. मावशींनी ते वाचलं नसावं. वाचलं असतं तरी काय, रिझर्व्ह बँक काही त्यांच्याकडे मेथी घ्यायला येत नाही. आठ आण्यांचीही तीच गत. चार आणे ३० जून २०११ला कायद्यानंच बाद झाले, पण आठ आणे कागदोपत्री अजून जिवंत आहेत. देऊन बघा कुणाला.

नाण्याला पाय नाहीत, तरी ते चालतं. चालतं म्हणून ते चलन. आणि श्रावणात कांदा चालतो का, सोयर असताना देवळात गेलेलं चालतं का, जावयानं सासरी भांडी घासलेली चालतात का, हेही आपण त्याच क्रियापदानं विचारतो. चाल म्हणजे रीत. टांकसाळ आणि समाज, दोघांचा कारभार मराठीनं एकाच धातूत ओतलाय. ग्रीकांचंही तसंच होतं. नाण्याला ते नोमिस्मा म्हणत, आणि रूढीला, कायद्याला नोमोस. या एका श्लेषावर आख्खं आयुष्य काढणारा एक तत्त्वज्ञ त्यांच्यात होऊन गेला, आणि तो सराफाच्या घरातला होता.

डायोजिनिस. गाव सिनोपी, काळ्या समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. आज ते तुर्कस्तानात आहे आणि सिनोप नावानं ओळखलं जातं. जन्म इसवी सनापूर्वी ४००च्या थोडा आधीचा. बाप हिकेसियस शहराच्या पैशांची पेढी सांभाळत असे. आपल्याकडे असता तर आडनाव पोतदार पडलं असतं. सिनोपीच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला सिनोपी नावाच्या अप्सरेचं मुखडं आणि दुसऱ्या बाजूला डॉल्फिनच्या पाठीवर बसलेला समुद्रगरुड असे. या बापलेकांनी, किंवा त्यांच्यातल्या एकानं, ही नाणी बिघडवली असा आळ आला आणि डायोजिनिस परागंदा झाला. ही निव्वळ दंतकथा असेल असं बरीच वर्षं वाटत होतं. मग त्या काळातली अशी नाणी सापडली की ज्यांच्या तोंडावर छिन्नीचा आडवा घाव आहे, आणि काही नाण्यांवर हिकेसियसचं नावही आहे. घाव घातलेली बरीच नाणी नकली होती, त्यामुळे बाप चोर नसून नाणी पारखून बाद करणारा प्रामाणिक अधिकारी असावा, असंही काही अभ्यासक म्हणतात. म्हणजे बिचाऱ्यानं "हे चालत नाही" एवढंच म्हटलं असेल.

पोराला मात्र या बदनामीची लाज वाटत नव्हती. सिनोपीकरांनी तुला हद्दपार केलं ना, असं कुणी टोचलं की तो म्हणे, "आणि मी त्यांना घरी बसायची शिक्षा दिली." एक कथा अशीही आहे की तो देववाणी विचारायला गेला आणि अपोलो देवानं त्याला नोमिस्मा बदल म्हणून सांगितलं. गड्यानं आधी ते नाण्यांबद्दल घेतलं. खरा अर्थ पुढे अथेन्समध्ये उमगला. समाजात जे जे चालतं, ते एकेक हातात घ्यायचं, दाताखाली चावून बघायचं, आणि आतून शिसं निघालं तर वर छिन्नी मारायची. त्याची स्वतःची पुस्तकं उरलेली नाहीत. आपल्याला जे कळतं ते मुख्यतः त्याच्याच नावाच्या दुसऱ्या एकाकडून, डायोजिनिस लाएर्टियसकडून, आणि तोही जवळजवळ साडेपाचशे वर्षांनंतरचा. तेव्हा पुढच्या गोष्टी वऱ्हाडी गप्पांइतक्याच खऱ्या धराव्यात. पण गप्पांतूनही माणूस कळतो.

पहिली छिन्नी घरावर बसली, तीही थोडी नाइलाजानंच. अथेन्समध्ये त्यानं कुणाला तरी लहानशी खोली बघायला सांगितली होती. तो माणूस आज-उद्या करत राहिला. (भाड्याच्या घराचं हे दुखणं चोवीसशे वर्षांचं आहे, हे वाचून मला फार बरं वाटलं.) मग डायोजिनिस चौकातल्या देवीच्या देवळापाशी पडलेल्या एका रांजणात राहायला गेला. इंग्रजीवाल्यांनी या रांजणाचं लाकडी पीप करून टाकलंय. खुद्द सिनोपमधल्या त्याच्या पुतळ्यालाही पायाखाली पीपच दिलंय. आपल्याला तो घोळ घालायचं कारण नाही. दारू, तेल, धान्य साठवायचं पोटफुगं मातीचं भांडं, अर्ध्या पुरुष उंचीचं नाहीतर त्याहून मोठं: रांजण. आडवा पाडला की आत पाय पोटाशी घेऊन झोपता येतं. माती पावसात गार, उन्हात तापलेली. एकदा एका पोरानं त्याचा रांजण फोडला. अथेन्सकरांनी पोराला चोपलं आणि डायोजिनिसला नवीन रांजण आणून दिला. ज्या शहराला तो दिवसभर शिव्या घालायचा, त्याच शहरानं हे केलं. मला या सगळ्या गोष्टीत त्या लोकांचं जास्त कौतुक वाटतं.

दुसरं बाद झालं ते पाणी प्यायचं भांडं. रस्त्यात एक पोर ओंजळीनं पाणी पिताना दिसलं. यानं झोळीतला पेला काढून फेकला, म्हणाला, साधेपणात पोरानं मला हरवलं. भागवतातल्या अवधूताच्या चोवीस गुरूंमध्येही एक लहान मूल आहे, आणि दत्ताच्या पायाशी कुत्री असतात. यालाही लोक कुत्राच म्हणत. रस्त्यावर खातो, रस्त्यावर झोपतो, आणखीही बरंच काही उघड्यावर करतो म्हणून. त्यानं ते नाव हौसेनं मिरवलं: देणाऱ्यापुढे शेपूट हलवतो, न देणाऱ्यावर भुंकतो, नीचाला चावतो. कुत्र्यासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच त्याच्या पंथाला सिनिक हे नाव मिळालं. आज सिनिक म्हणजे कशावरच विश्वास नसलेला कडवट माणूस. हा तसा नव्हता. माणूस चांगला जगू शकतो यावर त्याचा इतका विश्वास होता की भर दुपारी दिवा पेटवून तो माणूस शोधत हिंडायचा.

सिकंदर समोर उभा राहिला तेव्हा "माझं ऊन सोड" म्हणाला, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते, म्हणून ती सोडतो. मला त्याहून भाजीची गोष्ट आवडते. डायोजिनिस पालेभाजी धूत बसला होता. प्लेटो जवळ येऊन हळूच म्हणाला, "सिराक्यूजच्या राजाची मर्जी सांभाळली असतीस तर भाजी धुवायची वेळ आली नसती." यानंही तितक्याच हळू आवाजात सांगितलं, "तू भाजी धुतली असतीस तर राजाची मर्जी सांभाळायची वेळ आली नसती." प्लेटोनं माणसाची व्याख्या पिसं नसलेला द्विपाद अशी केली, तेव्हा यानं कोंबडा सोलून वर्गात नेऊन टाकला: हा घ्या प्लेटोचा माणूस. व्याख्येत "रुंद नखांचा" अशी भर घालावी लागली. प्लेटो त्याला वेडा झालेला सॉक्रेटिस म्हणे. ही शिवी की शाबासकी, प्लेटोलाच ठाऊक.

आता एक खटकतंच. नाणी बाद करत सुटलेला हा माणूस भीक मात्र चालू नाण्यांतच घेई. एका उधळ्याकडे त्यानं एकदम एक मिना मागितला, म्हणजे ६०० ओबोल, तिथली बारकी नाणी. इतरांकडे एकच ओबोल मागतोस, मग माझ्याकडे एवढे का? तर म्हणाला, "इतरांकडून पुन्हा मिळेल अशी आशा आहे. तुझ्याकडे पुढे काही उरेल की नाही, देव जाणे." विनोद झकास, पण रांजण शहराच्या चौकातच आहे आणि शहर पोसतंय म्हणूनच आहे, हे विसरता येत नाही. तो पुतळ्यांपुढेही हात पसरायचा. कशाला, असं विचारलं तर म्हणे, नकार पचवायची सवय करतोय. भाजीच्या गाड्यापुढे नाणं धरून उभा असताना ही सवय मला असती तर बरं झालं असतं.

पुढे चाच्यांनी धरून त्याला गुलाम म्हणून विकायला काढलं, असं सांगतात. तुला काय येतं, या प्रश्नाला त्याचं उत्तर: "माणसांवर हुकूम चालवायला." गिऱ्हाइकांतल्या एका शेठजीकडे बोट दाखवून म्हणाला, याला विका, याला मालकाची गरज आहे. इ.स.पू. ३२३च्या सुमारास तो कॉरिंथमध्ये वारला. कच्चा ऑक्टोपस खाऊन, कुत्रा चावून, की श्वास रोखून, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. लोकांनी त्याच्या थडग्यावर संगमरवरी कुत्रा बसवला. त्याच्या वाटेनं चाललेल्या क्रेटिसनं आपली इस्टेट सोडून दिली, क्रेटिसचा शिष्य झीनो, आणि झीनोपासून स्टोइक तत्त्वज्ञांची परंपरा थेट रोमच्या बादशहापर्यंत. तू कुठला, या प्रश्नाला डायोजिनिसनं दिलेलं "विश्वाचा नागरिक" हे उत्तर आज कॉस्मोपॉलिटन होऊन मुंबईच्या इस्टेट एजंटांच्या तोंडी बसलंय. आणि घरात कचरा साठवत राहणाऱ्या वृद्धांच्या विकाराला १९७५मध्ये डॉक्टरांनी त्याचंच नाव दिलं. पेलासुद्धा न ठेवलेल्या माणसाचं!

पण त्याच्या नाण्याला खरी कसोटी लागली ती आपल्या बाजूला. त्याचा एक शिष्य ओनेसिक्रिटस सिकंदराच्या सैन्यासोबत इ.स.पू. ३२६मध्ये तक्षशिलेला आला. गावाबाहेर पंधरा नागवे साधू, कुणी उभे, कुणी बसलेले, कुणी आडवे, संध्याकाळपर्यंत हलत नाहीत, आणि ऊन असं की दुपारी अनवाणी पाऊल टाकवत नाही. रांजणवाल्या गुरूचा हा शिष्य अंगरखा, टोपी आणि बूट घालून तिथे गेला. दगडांवर पडलेला कालानोस नावाचा साधू त्याला बघून हसला. शिकायचं असेल तर कपडे काढ आणि याच दगडांवर ये, म्हणाला. त्याच्याहून वडीलधाऱ्या मंदनिसनं त्याला दटावलं आणि पाहुण्याशी नीट बोलला. मध्ये तीन दुभाषे. ज्ञान असं पोचवणं म्हणजे चिखलातून स्वच्छ पाणी वाहायची अपेक्षा करणं, अशी कबुलीही त्यानं आधीच देऊन टाकली. तुमच्याकडे असं कोणी शिकवतं का, हे त्यानं विचारलं. ओनेसिक्रिटसनं पायथागोरस सांगितला, सॉक्रेटिस सांगितला, आणि ज्याच्या पायाशी आपण स्वतः बसलो तो डायोजिनिस.

मंदनिस म्हणाला, माणसं शहाणी दिसतात. एकच चुकतं, निसर्गाच्या आधी ते नोमोसला मान देतात. नाहीतर माझ्यासारखं उघडं राहायला लाजले नसते. ग्रीक लेखक स्ट्रेबोच्या भूगोलात हा शब्द असाच आहे, नोमोस. चिखलातून गाळून आला तरी नेमका तोच. आयुष्यभर चालीरीतींवर छिन्नी चालवलेल्या माणसाला तक्षशिलेच्या त्या म्हाताऱ्यानं एका वाक्यात चालीरीतीवाल्यांत काढलं. ओनेसिक्रिटसनं मग बूट काढले की नाही, ते काही लिहिलेलं नाही.

परवा पुन्हा मावशींकडे गेलो. चाळीस रुपयांची भाजी घेतली, पन्नासची नोट दिली. त्यांनी गोणपाटाखाली हात घातला आणि दहाचं नाणं काढून माझ्या तळहातावर ठेवलं. पंधरा रेघांचं.

"हे तर चालत नाही ना?"

"चालतंय आता."

"कधीपासून?"

"तो पलीकडचा केळीवाला घ्यायला लागलाय ना."

मी पलीकडे पाहिलं. केळीवाला एका बाईंना दहाचं नाणं परत देत होता, आणि बाई त्याला विचारत होत्या, "चालतं का हो हे?"